घाटात पिकअप गेला, स्कॅनरवर पी०२९९ : टर्बो बदलण्याआधी काय काय तपासावं?

पसरणीकर | सोमवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी,

गाडी २०१५ ची, दीड लिटर डिझेल, व्हीजीटी (हलत्या पात्यांचा) टर्बो, १ लाख ३८ हजार किलोमीटर. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. हे दुखणं कुठल्याही डिझेलला होऊ शकतं आणि धाग्याची गाडी "अमुक कंपनी वाईटच" या रस्त्याला लागायला नको.

रोज वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला कामाला जातो. जो चढ तिसऱ्यात आरामात व्हायचा, तिथे आता दुसरा टाकावा लागतो. पाय पूर्ण दाबला तर मागे काळा धूर आणि पुढे काहीच नाही. तसंच रेटत राहिलं की चेक लाइट लागते, गाडी मरगळते आणि २५०० आरपीएमच्या वर जातच नाही. बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केली की पुढची काही वळणं बरी चालते. सपाटीला, एकटा असताना, फारसं जाणवत नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०२९९ आला. "टर्बो गेला साहेब, ४८ हजार धरून चाला." बॉनेट उघडलं, पण आत कुणी हात घातला नाही. टर्बो खरंच गेला असेल तर खर्च करायची तयारी आहे. पण तो गेलाय हे ठरवायचं कसं? माझ्याकडे साधे पाने आहेत आणि ब्लूटूथवाला ईएलएम३२७ (मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर) आहे. त्यावर काय बघू?

पाना_१०_१२ | सोमवार, रात्री १०:०२

सांगलीला गॅरेज आहे, डिझेलचंच काम जास्त येतं.

पहिली गोष्ट, स्कॅनरनं "टर्बो गेला" असं म्हटलेलंच नाही. पी०२९९ म्हणजे ईसीयूनं (इंजिनच्या कॉम्प्युटरनं) जेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबून भरलेल्या हवेचा जादा दाब, मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही ते कोड सांगत नाही. होज फाटला असेल, व्हॅक्यूमची नळी गळत असेल, सोलेनॉइड (तो व्हॅक्यूम सोडणारा-थांबवणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह) अडकला असेल, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा राहिला असेल, सायलेन्सरकडे तुंबलं असेल, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर काजळीनं भरला असेल, आणि शेवटी टर्बोसुद्धा असेल. टर्बो मी शेवटी लिहिला, कारण तो सगळ्यात महाग आणि काढायला सगळ्यात कटकटीचा.

आता एवढं सांगा :
धूर काळाच आहे ना? निळसर किंवा पांढरा नाही?
ताकद कुठे कमी आहे, २००० च्या खाली की वर?
चढावर हवा सुटल्यासारखा आवाज येतो का, की सायरनसारखी शिट्टी?
इंजिन ऑइल दोन सर्व्हिसच्या मधे कमी होतं का?
डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला?

पसरणीकर | सोमवार, रात्री १०:३१

धूर स्वच्छ काळा. खालून जोर नाही, १५०० ते २२०० मध्ये सगळ्यात वाईट. काचा खाली करून ऐकलं तर पाय दाबल्यावर "फुस्स" असा आवाज डाव्या बाजूनं येतो. शिट्टी नेहमीचीच आहे, वाढलेली नाही. ऑइल डिपस्टिकवर हललेलं नाही. दोन्ही फिल्टर दिवाळीत बदलले.

काजळी | सोमवार, रात्री ११:२०

चाकणला इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करतो. तुमच्या उत्तरांतूनच बराच निकाल लागतोय. ईसीयू काय विचार करतं ते लिहितो, म्हणजे पुढची तपासणी सोपी जाईल.

हवेचा रस्ता असा : एअर फिल्टर, मग हवा मोजणारा मॅफ सेन्सर, मग टर्बो, मग हवा गार करणारा इंटरकूलर, मग मॅप सेन्सर आणि मनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप). किती डिझेल सोडायचं यावर ईसीयू मॅफच्या आकड्यानं मर्यादा घालतं. टर्बोच्या पुढे कुठे होज फाटला, तर मॅफनं मोजलेली हवा वाटेतच बाहेर जाते. डिझेल मात्र त्या मोजलेल्या हवेच्या हिशोबानं पडतं. सिलिंडरमध्ये हवा कमी, इंधन जास्त, म्हणून काळा धूर.

याउलट धूर नाही आणि ताकदही नाही, अशी गाडी वेगळ्या जातीची. तिथे एकतर डिझेलच पोचत नाही (फिल्टर, रेल प्रेशर म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, पी००८७ सारखा कोड), किंवा मॅफ घाण होऊन हवा कमी दाखवतोय आणि ईसीयू डिझेल आखडतंय. त्यामुळे घाटात आरशात मागे काय दिसतं ते बघणं हीसुद्धा मोठी तपासणी आहे. बीएस-६ गाडीत मात्र हा पुरावा मिळत नाही, डीपीएफ (धुराच्या वाटेतला काजळीचा फिल्टर) सगळी काजळी धरून ठेवतो.

आता ईएलएमवर दोन आकडे घ्या. मॅप म्हणजे मनिफोल्डचा दाब, किलोपास्कलमध्ये.

एक, इंजिन बंद, किल्ली ऑन. हा आकडा बाहेरच्या हवेइतकाच हवा. समुद्रसपाटीला १०१ च्या आसपास, पुण्यात ९५, वाईला ९३, पाचगणीला ८७ च्या जवळ. यात मोठी तफावत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, मग पुढचं सगळं व्यर्थ.

दोन, मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० वरून पाय पूर्ण दाबून ३००० पर्यंत. आकडे बघायला शेजारी दुसरं माणूस बसवा, स्वतः बघू नका. तुमच्यासारख्या इंजिनाला निरोगी असताना २१० ते २३० दिसायला हवेत. हा एकूण दाब आहे, त्यातून बाहेरचा ९३ वजा केला की खरा बूस्ट. साधं अ‍ॅप २५५ च्या वर दाखवू शकत नाही, तो आकडा एका बाइटचा आहे. तुम्हाला ती अडचण यायची नाही.

कोकणी_चाक | मंगळवार, सकाळी ७:४८

धूर नसलेल्या जातीचा नमुना माझ्याकडे होता म्हणून लिहितो. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना गाडी ३००० च्या वर जायला तयार नव्हती, खालून मात्र झकास. मलाही टर्बोच सांगितला होता. निघालं डिझेल फिल्टरमधलं पाणी. पावसाळ्यात एका आडरस्त्याच्या पंपावर भरलं होतं, फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल केला तर आधी पाणीच आलं. नवा फिल्टर टाकला, गाडी पहिल्यासारखी.

आणखी एक. शेजाऱ्याच्या गाडीचा पिकअप गेला म्हणून सगळे टर्बोच्या मागे लागले होते. आरपीएमचा काटा भराभर वर जायचा आणि वेग जागच्या जागी. ती क्लच प्लेट घसरत होती. चढावर चौथ्यात पाय दाबून काटा आणि वेग बरोबर वाढतात का ते आधी बघावं, फुकटचं काम आहे.

पसरणीकर | मंगळवार, रात्री ८:५५

बायकोला शेजारी बसवून आकडे घेतले.

किल्ली ऑन, इंजिन बंद : वाईत ९३, पाचगणीत ८७. काजळी, तुम्ही लिहिलेलेच आकडे आले.
तिसऱ्यात पाय पूर्ण दाबून : २५०० ला १३२. त्याच्या वर गेला नाही.
क्लच ठीक आहे, काटा आणि वेग बरोबर चालतात.

काजळी | मंगळवार, रात्री ९:१०

म्हणजे सेन्सर खरा, आणि बूस्ट ४० किलोपास्कलही नाही. नुसत्या होजच्या बारीक भेगेनं एवढा पडत नाही. १५०० ते २२०० मध्ये जास्त त्रास हेही व्हीजीटीकडे बोट दाखवतं. होजला पोचू, पण आधी अ‍ॅक्च्युएटर (टर्बोच्या पात्या हलवणारा भाग) बघा. काका आहेत का?

फोरमन_काका | मंगळवार, रात्री १०:४०

आहे आहे. कोल्हापुरात वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, आता घरी बसून पोरांना फोनवर सांगतो.

बाळा, व्हीजीटीमध्ये टर्बाइनच्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाच्या, भोवती हलणाऱ्या पात्या असतात. इंजिन हळू असताना धूर कमी येतो, तेव्हा पात्या मिटतात, वाट अरुंद होते आणि थोडा धूरसुद्धा जोरात चाकावर आदळतो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तसं. इंजिन वर गेलं की पात्या उघडतात. या पात्या हलवायला जुन्या गाड्यांत व्हॅक्यूमचा डबा असतो, नव्यांत इलेक्ट्रिक मोटर. तुझ्या सालच्या गाडीत बहुतेक डबाच असणार. व्हॅक्यूम नसला की पात्या पूर्ण उघड्या राहतात. इंजिन फुटू नये म्हणून तशीच रचना करतात. मग खालून जोर येणार कुठून?

तपासणी अशी. इंजिन थंड असताना टर्बोजवळ टॉर्च मारून डब्यातून आलेला दांडा शोध, करंगळीहून बारीक असतो. दुसऱ्याला गाडी स्टार्ट करायला सांग. स्टार्ट होताच दांडा आत ओढला गेला पाहिजे, बंद केल्यावर परत आला पाहिजे. हलत नसेल तर दोन शक्यता : व्हॅक्यूम येत नाही, किंवा पात्या काजळीनं जाम आहेत.

दोन्हीतलं कुठलं हे हाताच्या व्हॅक्यूम पंपानं कळतं. डब्याची नळी काढून पंप लाव आणि हळूहळू ओढ. दांडा एकसारखा, न अडखळता यायला हवा आणि ओढून धरलेला काटा खाली येता कामा नये. काटा खाली आला तर डब्यातला पडदा फाटलाय. काटा टिकतो पण दांडा अर्ध्यात थांबतो, तर पात्या जाम. दोन्ही ठीक असेल तर डबा आणि पात्या निर्दोष आहेत, माग नळीकडे काढत जायचा.

ब्रेकचं पॅडल नेहमीपेक्षा कडक लागतंय का तेही बघ. बऱ्याच गाड्यांत ब्रेकला आणि टर्बोला एकाच पंपाचा व्हॅक्यूम जातो. पॅडल कडक असेल तर पंपच कमजोर.

टॉर्कवेडा | बुधवार, सकाळी ११:०५

एवढं करण्यापेक्षा ईजीआरची वाट पत्रा मारून बंद करून टाका आणि रिमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून घ्या. माझ्या ओळखीत बऱ्याच जणांनी केलंय, गाडी पळते. ईजीआरमुळेच काजळी होते.

काजळी | बुधवार, दुपारी १:३०

ईजीआरमुळे काजळी साठते हे खरं आहे आणि उघडा अडकलेला ईजीआर बूस्ट पाडतो हेही खरं. टर्बाइनकडे जायचा धूर उलट आत येतो, त्यामुळे चाकाला जोर कमी आणि सिलिंडरमध्ये ताजी हवाही कमी. म्हणून तो काढून साफ करणं, झडप पूर्ण बंद होते का पाहणं हे काम नक्की करावं.

पत्रा मारणं मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. ईजीआर नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला आहे. डिझेलच्या पीयूसीत धुराची दाटी मोजतात, हा वायू मोजत नाहीत, म्हणून प्रमाणपत्र मिळतं आणि लोकांना वाटतं काहीच बिघडलं नाही. तो वायू डोळ्यांना दिसत नसला तरी आपल्या मुलांच्या छातीत जातो. शिवाय पसरणीकरांच्या गाडीत आजच १३२ येतायत. आधीच कमी हवा मिळणाऱ्या इंजिनाला रिमॅप करून जास्त डिझेल दिलं तर धूर आणि उष्णताच वाढेल. बिघाड शोधायच्या आधी रिमॅप नकोच.

पसरणीकर | बुधवार, रात्री ९:२०

काका, सापडलं! निदान एक तरी सापडलं.

स्टार्ट केल्यावर दांडा जेमतेम हलला. वाईतल्या एका ओळखीच्या मेकॅनिककडून हाताचा पंप आणला. त्यानं ओढलं तर दांडा पूर्ण आत, एकदम गुळगुळीत, आणि काटा जागेवर टिकला. मग गेज लावून मागे मागे गेलो. व्हॅक्यूम पंपापाशी २४ इंच (पाऱ्याचे), सोलेनॉइडच्या तोंडाशी १०. मधली रबरी नळी बॅटरीच्या ट्रेखालून जाते. ट्रे काढला तर नळी दोन ठिकाणी उंदरानं कुरतडलेली, एका जागी आरपार. नवी नळी मीटरवर विकत मिळाली, पैसे सांगायलाही लाज वाटावी इतकी स्वस्त. आता सोलेनॉइडपाशीही २४.

आज घाट तिसऱ्यात चढला. पण मॅपचा आकडा १८५ लाच थांबतोय. फुस्स आवाज अजून आहे आणि पूर्ण दाबल्यावर थोडा काळा धूरही.

पाना_१०_१२ | बुधवार, रात्री ९:५८

छान काम केलंत. आता तो फुस्स. इथे थांबू नका, गाडी पळायला लागली की लोक राहिलेलं सोडून देतात. गळती असताना मागितलेला बूस्ट भरून काढायला टर्बोला जास्त वेगानं फिरावं लागतं. छोट्या गाडीचा टर्बो पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो. त्याच्याही वर रोज घाटात पळवलात तर मग तो खरंच जाईल.

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून मनिफोल्डपर्यंतचे होज बाहेरून पुसून घ्या आणि थोडी गाडी चालवून या. जिथे नवा तेलकट डाग दिसेल तिथे बोट फिरवा. आतल्या हवेत ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) येणारी तेलाची वाफ असते, ती भेगेतून बाहेर पडताना खूण सोडते. बऱ्याच भेगा खालच्या अंगाला असतात आणि उभ्या गाडीत मिटलेल्या असतात. आत दाब आला की ओठ उघडतात. म्हणून नुसतं बघून "होज ठीक आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

खात्रीसाठी दाबाची चाचणी. एअर फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोच्या तोंडाला बूच बसवायचं, बुचाला व्हॉल्व्ह. कंप्रेसरला रेग्युलेटर लावून १० ते १५ पीएसआय हवा सोडायची, त्याहून जास्त नाही. होजवर साबणाचं पाणी मारत जायचं. इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या टाकीची कडा आणि क्लॅम्पच्या जागा नीट भिजवा. ऑइलच्या झाकणापाशी हवा सुटल्याचा आवाज आला तर घाबरू नका, कुठलातरी इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो, पिस्टन रिंगमधून थोडी हवा क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑइलच्या भागात) जातेच.

गोदाकाठ | गुरुवार, सकाळी १०:१५

नाशिकहून. धाग्यात घुसते, पण प्रश्न याच जातीचा आहे. माझी बीएस-६ डिझेल, २०२१ ची. मुलांची शाळा, बाजार, ऑफिस, सगळं मिळून दिवसाला पाच-सहा किलोमीटर, तेही सिग्नल-सिग्नल. गेल्या महिन्यापासून गाडी जड वाटते, धूर अजिबात नाही, मायलेज पडलं. डीपीएफचा दिवा येऊन गेला. सर्व्हिसवाल्यानं ऑइल बघून "ऑइल वाढलंय" असं सांगितलं. ऑइल वाढतं कसं? आणि हाही टर्बोच का?

काजळी | गुरुवार, दुपारी १:१०

ताई, टर्बोआधी डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला फिल्टरमध्ये ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी ईसीयू थोडं जादा डिझेल उशिरा सोडतं. तुमच्या पाच मिनिटांच्या फेरीत ते काम सुरू होतं आणि पूर्ण व्हायच्या आत तुम्ही गाडी बंद करता. असं वारंवार झालं की फिल्टर तुंबतो, धूर बाहेर जायला जागा राहत नाही आणि टर्बाइनला मोकळं फिरता येत नाही. म्हणून गाडी जड.

ऑइलचं उत्तरही तिथेच. उशिरा सोडलेलं न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घेऊन बघा, डिझेलचा येईल. हे पातळ झालेलं ऑइलच टर्बोच्या बेअरिंगला जातं, त्यामुळे ते आधी बदला, थांबू नका. बदलताना मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रतीचंच टाका. डीपीएफच्या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, बऱ्याच ठिकाणी डब्यावर एसीईए सी३ असं लिहिलेलं असतं. साधं ऑइल टाकलं तर त्याची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती जळून जात नाही.

मग सर्व्हिसवाल्याला स्कॅनरवर डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाब यातला फरक बघायला सांगा, आणि त्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्या तडकलेल्या किंवा तुंबलेल्या नाहीत ना तेही. फिल्टर फार भरलेला नसेल तर महामार्गावर अर्धा-पाऊण तास २००० च्या वर आरपीएम ठेवून चालवल्यावर तो स्वतःच साफ होतो. फार भरला असेल तर तसं पळवायला जाऊ नका, गॅरेजमध्ये स्कॅनरनं करून घ्या. उभ्या गाडीत करत असतील तर सायलेन्सरखाली वाळलेलं गवत किंवा कागद नको, खूप तापतो.

फोरमन_काका | गुरुवार, रात्री ९:३०

ऑइलचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या. आतापर्यंत टर्बोची बाजू घेऊन बोललो. आता खरंच गेलेल्या टर्बोबद्दल. टर्बो स्वतःहून क्वचित मरतो, त्याला कुणीतरी मारतं. आणि मारणारा गाडीत तसाच राहिला तर नवा टर्बोही मरतो.

टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, धातू धातूला लागत नाही. एका टोकाला ७०० अंशांच्या पुढचा धूर, दुसऱ्या टोकाला गार हवा, आणि मधे तो थर. ऑइल आणणारी नळी बोटाहून बारीक. तिच्या बँजो (पोकळ) बोल्टमध्ये काही गाड्यांत जाळी असते. ऑइल जुनं झालं की उष्णतेनं त्या नळीत कोळसा धरतो, आतून वाट अर्धी होते. इंजिनला ऑइल प्रेशर पूर्ण, दिवा लागत नाही, आणि टर्बो मात्र उपाशी.

एक गाडी आठवते. रत्नागिरी भागातली, मालवाहू नव्हे, घरचीच. नवा कोअर (टर्बोचा शाफ्ट आणि बेअरिंगचा मधला भाग) टाकून आणली होती, थोड्याच दिवसांत पुन्हा सायरनसारखा आवाज. मालक रडकुंडीला आलेला. आम्ही जुनी ऑइल नळी उभी कापली. आत काळा कडक थर आणि मध्ये काडी जाईल एवढं भोक. पहिल्या वेळी कोअर बदलला, नळी तीच ठेवली होती. त्या बिचाऱ्याचे पैसे दोनदा गेले. म्हणून सांगतो, टर्बो बदलला तर ऑइलची नळी नवी, ऑइल आणि फिल्टर नवं, परतीची नळी साफ. गॅसकेटच्या जागी सिलिकॉन चोपडू देऊ नका, त्याचे तुकडे आत जाऊन वाट बंद करतात.

परतीची नळी लोक विसरतातच. टर्बोमधून ऑइल खाली आपल्या वजनानं येतं, त्याला ढकलायला कुणी नसतं. ही नळी दबली किंवा ब्रीदर तुंबून क्रँककेसमध्ये दाब वाढला, की ऑइलला खाली जागा मिळत नाही आणि ते सीलमधून बाहेर येतं. बघणारा म्हणतो सील गेली. सील चांगली असते, ब्रीदर साफ केला की थांबतं.

शाफ्ट बघायचा असेल तर थंड इंजिनवर एअर फिल्टरकडचा पाइप काढा, पुढचं चाक दिसेल. दोन बोटांत धरून आडवं हलवा. किंचित हलणारच, ऑइलचा थर नसताना तेवढी मोकळीक असते. पण या चाकाच्या पात्या टर्बोच्या बाहेरच्या घराला लागता कामा नयेत, घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर संपलं. मग पुढे-मागे ओढून बघा. ही हालचाल हाताला जाणवायलाच नको. पात्यांच्या कडा खडबडीत, कुरतडल्यासारख्या असतील तर धूळ गेलीय, एअर फिल्टरचा डबा बघा. होजच्या आत तेलाचा पातळ लेप असतोच, त्याला घाबरू नका. इंटरकूलरमधून वाटीभर ऑइल निघालं तर मात्र गाडी चालवू नका.

हे शेवटचं सगळ्यांनी लक्षात ठेवा. टर्बोतून फार ऑइल आत गेलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालायला लागतं. मागे निळा-पांढरा ढग, आरपीएम आपोआप वर, किल्ली काढली तरी बंद होत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक लावा, वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. इंजिन दबून बंद पडेल. जमलं नाही तर माणसं उतरवा आणि लांब जा. हवेच्या पाइपच्या तोंडाला हात लावायला जाऊ नका.

पसरणीकर | शुक्रवार, रात्री ८:४०

पाना दादांचा तेलकट डाग लगेच सापडला. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा होज, क्लॅम्पच्या मागे, खालच्या बाजूला. वरून बघितलं तर धडधाकट. बोटानं वाकवला तेव्हा दोन इंचांची भेग उघडली. होज पूर्वी कधीतरी बदलताना क्लॅम्प तिरका बसवलेला होता, त्याच्या कडेनं रबर कापत गेलं. नवा होज, नवा क्लॅम्प. त्यानंतर साबणाच्या पाण्यात कुठेच बुडबुडा नाही.

आजचे आकडे, तिसऱ्यात, २५०० ला : २२२. धूर नाही, फुस्स नाही, कोड परत आलेला नाही. शाफ्टही काकांनी सांगितल्याप्रमाणे हलवून पाहिला. पुढे-मागे काहीच नाही, पात्या स्वच्छ.

सगळ्यांचे मनापासून आभार. ज्या गॅरेजनं ४८ हजार सांगितले होते तिथे आकड्यांचे स्क्रीनशॉट दाखवून आलो. मुद्दाम गेलो, कारण पुढच्या माणसाला ४८ हजारांचा आकडा ऐकवण्याआधी त्यांनी निदान दांडा हलतोय का ते बघावं.

एक राहिलं. घाट चढून गेल्यावर इंजिन किती वेळ चालू ठेवून बंद करावं?

फोरमन_काका | शुक्रवार, रात्री ९:०५

भले शाब्बास. चढ संपल्यावर गावात शिरताना हळू आलास तर तेवढ्यात टर्बो निवतो, वेगळं थांबायला नको. चढावरून थेट हॉटेलसमोर उभी केलीस तर मिनिटभर चालू ठेव. लगेच बंद केली तर ऑइल थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं जळतं, तोच तो कोळसा. आणि सकाळी थंड गाडीला पहिला किलोमीटरभर रेटू नकोस.

गोदाकाठ | शनिवार, दुपारी १२:२०

ऑइलला डिझेलचा वास येत होता, काजळी म्हणाले तसंच. ऑइल बदललं, सेन्सरची एक नळी तडकलेली निघाली, तीही बदलली. मग गॅरेजमध्ये स्कॅनरनं डीपीएफ साफ करून घेतला. गाडी हलकी झाली. आता रविवारी सिन्नरपर्यंत एक फेरी मारायची असं ठरवलंय, कारण माझ्या रोजच्या वापराला ही गाडी मुळात योग्य नव्हती हे कळलं. घेतानाच कुणीतरी विचारायला हवं होतं, की ताई, दिवसाला किती चालणार?

कोकणी_चाक | शनिवार, सायंकाळी ६:४५

पुढे वाचणाऱ्यांसाठी विचारतो. सगळं तपासून टर्बो खरंच गेलेला निघाला, आणि नव्याची ऐपत नाही, तर रिकंडिशनवाल्याकडे काय विचारावं? सगळेच "सहा महिने गॅरंटी" म्हणतात.

पाना_१०_१२ | शनिवार, रात्री ९:३५

कोअर बॅलन्स केल्याची चिठ्ठी मागा. मशीनवर फिरवून काढलेला आलेख असतो, तो नसेल तर नुसते बेअरिंग-सील बदलून दिलेत. या वेगाला जरा जरी वजन एका बाजूला असलं तरी ते टिकत नाही.

व्हीजीटी असेल तर पात्यांची रिंग काढून साफ केली का आणि पात्यांची सेटिंग मशीनवर तपासली का ते विचारा. दांड्याजवळ एक स्टॉप स्क्रू असतो, त्यावर रंगाची खूण असते. "थोडा पिकअप वाढवून देतो" म्हणत कुणी तो फिरवत असेल तर टर्बो उचला आणि दुसरीकडे जा. तो चुकला की पी०२९९ च्या जागी पी०२३४ येतो, म्हणजे बूस्ट जास्त.

बसवताना ऑइल येण्याच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता आणि चाक हातानं फिरवा. मग गाडी स्टार्ट न होऊ देता थोडा वेळ क्रँक करा, म्हणजे नळीतून ऑइल पोचेल. स्टार्ट झाल्यावर काही मिनिटं नुसती आयडलवर ठेवा, रेस करू नका. आणि जुना कोअर मागून घ्या. त्याची पुढची पाती कुरतडलेली आहेत, शाफ्ट निळा पडलाय की मागचं चाक मोडलंय, यावरून तो धुळीनं, ऑइलविना की आत काही पडून गेला ते कळतं, आणि नवा बसवायच्या आधी तेवढंच दुरुस्त करायचं असतं.